सारखा थेंब आणि सारखे वाटप
सूक्ष्मप्रवाही उपकरणांवरील लोकविज्ञान-लेखनाची एक तपासणी

'चिपवरची प्रयोगशाळा' हा विषय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विज्ञानविषयक लिखाणात वरचेवर येऊ लागला आहे. टपालाच्या तिकिटाएवढ्या काचेच्या किंवा पारदर्शक रबरासारख्या तुकड्यात केसाच्या जाडीच्या वाहिन्या घडवलेल्या असतात. एकीतून तेल येते, दुसरीतून पाणी. दोन्ही जिथे मिळतात तिथे पाण्याचा थेंब तुटतो आणि तेलाबरोबर पुढे निघतो. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. सेकंदाला शेकडो, कधी हजारो थेंब, आणि पाहणाऱ्याला सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. अशा उपकरणांना सूक्ष्मप्रवाही उपकरणे म्हणतात.

विषय चांगला आहे आणि शिक्षकांनी तो वर्गात न्यावा असे आम्हांला वाटते. पण त्यावर सर्वसामान्य वाचकांसाठी जे लिहिले जाते, मराठीत आणि इंग्रजीतही, त्याने आमचे समाधान होत नाही. त्यात तीन विधाने फिरून फिरून येतात. पहिले, वाहिनी बारीक असते म्हणून थेंब बारीक पडतो. दुसरे, सगळे थेंब तंतोतंत सारखे असतात. तिसरे, चिप स्वस्त असल्यामुळे उद्या प्रयोगशाळा खेड्यापाड्यांत पोचेल. या तिन्ही विधानांत खऱ्याचा काही अंश आहे, म्हणूनच ती खपून जातात. त्यांची नीट परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परीक्षेसाठी आम्ही प्रयोगशाळेऐवजी एक गाव घेतो. बारामती तालुक्यातले पणदरे हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले, उसाचे गाव आहे. अशा गावात थेंब पाडणारी तीन यंत्रे रोजच्या वापरात असतात: दवाखान्यातले सलाईन, उसातले ठिबक आणि पाठीवरचा फवारणी पंप. शेजारच्या इंदापूर तालुक्यात द्राक्षे आणि डाळिंबे आहेत, तिथे तर फवारणीवाचून हंगाम निघत नाही. ज्या विद्यार्थ्यांनी ही तीन यंत्रे जवळून पाहिली आहेत त्यांना चौथे यंत्र समजावून सांगताना पहिल्या तिन्हींचा उल्लेखही न करणे, हा आमच्या मते या लिखाणाचा मुख्य दोष आहे. या तीन यंत्रांशी ताडून पाहिले की वरची तिन्ही विधाने कुठे लंगडी पडतात ते आपोआप दिसते.

बारीक भोक, बारीक थेंब?

सलाईनपासून सुरुवात करू. मोठ्यांसाठीच्या नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. लहान मुलांसाठी जो 'मायक्रो' सेट वापरतात त्यात ६० थेंबांचे १ मिलिलिटर होते, कारण त्यात थेंब एका बारीक सुईच्या टोकावरून पडतो. परिचारिका मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजून किती द्रव गेला याचा हिशेब करते. हा हिशेब जमतो याचा अर्थच असा की सलाईनचे थेंब पुरेसे सारखे असतात, आणि तेही कोणत्याही चिपशिवाय.

हे कसे होते? टोकाला लोंबणारा थेंब वाढत जातो. पृष्ठताण त्याला टोकाच्या कडेभोवती धरून ठेवतो, तर वजन त्याला खाली ओढते. कडेचा परीघ जेवढा मोठा तेवढे धरून ठेवणारे बल मोठे. वजन त्या बलापलीकडे गेले की मान बारीक होते आणि थेंब तुटतो. थेंबाचे वजन टोकाच्या त्रिज्येच्या प्रमाणात असते हा नियम टॉमस टेट यांनी १८६४ मध्ये मांडला. तुटताना थोडे पाणी टोकालाच राहते, त्यामुळे प्रत्यक्ष वजन नियमाने येते त्यापेक्षा काहीसे कमी भरते. प्रत्येक थेंब त्याच वजनाला, त्याच रीतीने तुटतो, म्हणून सगळे सारखे. सलाईनचे चाक फिरवून थेंब सावकाश पाडले काय किंवा थोडे भराभर पाडले काय, थेंबाचा आकार फारसा बदलत नाही. बदलते ती मिनिटाची संख्या.

आता हाच नियम चिपच्या मापाला लावून पाहा. भोक ०.१ मिलिमीटर व्यासाचे घेतले, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचे, तर पृष्ठताण किती वजन तोलू शकतो? हिशेब केला तर सुमारे २.३ मिलिग्रॅम येतात. एवढ्या पाण्याचा थेंब १.६ मिलिमीटर व्यासाचा होतो, म्हणजे भोकाच्या सोळापट! भोक दहापट बारीक केले तर थेंबाचे वजन दहापट कमी होते, पण व्यास जेमतेम निम्मा होतो. म्हणजे नुसते भोक बारीक करून बारीक थेंब मिळत नाही. त्या मापाला गुरुत्वाकर्षण दुबळे पडते. पाण्याच्या बाबतीत पृष्ठताण आणि गुरुत्व यांची बरोबरी साधारण २.७ मिलिमीटरच्या आसपास होते. त्याच्या खूप खाली गेले की थेंब तोडायला दुसरे कोणीतरी लागते.

पहिले विधान इथे अडते. वाहिनी बारीक असणे ही अट आहे, कारण नव्हे. ही सोपी आकडेमोड अकरावीचा विद्यार्थी करू शकतो. तरीही ती लोकविज्ञानाच्या लेखांत सहसा आढळत नाही.

थेंब कोण तोडतो?

फवारणी पंपाच्या नोझलमधून पाणी जोराने बाहेर येते. तिथे थेंब वजनाने तुटत नाही; पाण्याची धार किंवा पातळ पडदा स्वतःहून फाटतो. धारेची मोड कशी होते याचा शोध मोठा रंजक आहे. फेलिक्स साव्हार यांनी १८३३ मध्ये धारेवर आवाजाचा परिणाम होतो हे दाखवले. धारेवरची लाट धारेच्या परिघापेक्षा लांब असेल तर ती वाढत जाऊन धार तुटते, हे जोसेफ प्लॅटो यांनी दाखवले. आणि १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी कोणती लाट सर्वांत जलद वाढते याचे गणित केले. ती धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचारपट लांब असते, आणि त्यातून धारेच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचा थेंब तयार होतो.

मग फवारणीचे थेंब सारखे का नसतात? कारण नोझलमधल्या पाण्यात सर्व तऱ्हेच्या लहानमोठ्या हालचाली असतात, कोणतीही एक लाट एकटी वाढत नाही. तोडण्याचे काम योगायोगावर सोपवलेले असते. एकाच नोझलमधून काही दशक मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉनपर्यंतचे थेंब एकत्र बाहेर पडतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शेतकऱ्याला याची किंमत मोजावी लागते. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबात १०० मायक्रॉनच्या ६४ थेंबांएवढे औषध असते, आणि तो पानावरून घरंगळून जमिनीवर जाण्याचा संभव अधिक. उलट १०० मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे पाव मीटर या संथ गतीने खाली येतो. एक मीटर खाली यायला त्याला चार सेकंद लागतात; तेवढ्यात सेकंदाला दोन मीटरचा साधा वारा त्याला आठ मीटर दूर, शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन टाकतो.

हाच योगायोग काढून टाकला तर धारेतूनही सारखे थेंब मिळतात. नोझलला ठरावीक वारंवारतेने कंप दिला की तीच एक लाट वाढते आणि धार ठरावीक जागी तुटते. बिस्किटांच्या पुड्यांवर आणि बाटल्यांवर तारीख छापणारी यंत्रे बरीचशी याच तत्त्वावर चालतात.

चिपमध्ये तिसरा मार्ग आहे. २००१ मध्ये अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत टॉड थॉर्सन, स्टीफन क्वेक आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या जोडावर पाणी आणि तेल एकत्र आणून थेंब पाडून दाखवले. सावकाश प्रवाहात नेमके काय घडते याचे सोपे स्पष्टीकरण २००६ मध्ये गार्स्टेकी, स्टोन, व्हाइटसाइड्स आदींनी दिले. आडव्या वाहिनीतून तेल वाहत आहे. बाजूने पाणी आत शिरते आणि वाहिनी जवळजवळ बुजवून टाकते. तेलाला जायला जागा राहत नाही, म्हणून मागे त्याचा दाब वाढतो. वाढलेला दाब पाण्याची मान दाबत दाबत तोडतो. मान किती वेळात तुटेल हे तेल किती वेगाने येते यावर ठरते, आणि तोपर्यंत थेंब किती फुगेल हे पाणी किती वेगाने येते यावर. म्हणून थेंबाची लांबी वाहिनीच्या रुंदीच्या किती पट, याचे उत्तर असे येते: एक अधिक (पाण्याचा प्रवाह भागिले तेलाचा प्रवाह), त्यातल्या भागाकाराला एकाच्या आसपासचा एक स्थिरांक लावून. दोन्ही प्रवाह समान असतील तर थेंब रुंदीच्या सुमारे दुप्पट लांब. पाणी निम्मे केले तर सुमारे दीडपट. वाहिनी तीच, थेंब वेगळा.

आणखी एक गोष्ट. वाहिनीच्या भिंतीला पाण्यापेक्षा तेल अधिक 'लागले' पाहिजे. स्वच्छ काचेला पाणी लागते; तशा वाहिनीत पाणी भिंतीला धरून पसरते आणि थेंब नीट पडत नाहीत. म्हणून काचेवर लेप द्यावा लागतो. थेंब पडल्यावर ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तेलात साबणासारखे पृष्ठक्रियाशील द्रव्यही घालावे लागते. सारखेपणाची जबाबदारी अशी भूमिती, दोन प्रवाहांचे गुणोत्तर, भिंत आणि साबण या चौघांवर विभागलेली आहे. सलाईन, कंप दिलेली धार आणि चिप या तिघांत समान गोष्ट एकच: थेंब तुटण्याचा क्षण योगायोगावर सोडलेला नाही. हे एक वाक्य लेखांतून आले असते तर चिप ही जादू न वाटता एक उत्तर वाटली असती.

'तंतोतंत' म्हणजे किती?

दुसरे विधान तपासताना आधी विचारायला हवे, सारखेपणा कशाचा आणि किती? संशोधन-निबंधांत बहुधा थेंबांच्या व्यासाचा विचरण गुणांक दिलेला असतो, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी. चांगल्या चिपमध्ये तो दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतो. लेखात त्याचे 'तंतोतंत सारखे' होते. पण थेंब वापरताना उपयोगी पडते ते घनफळ, आणि घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यासात २ टक्के फरक म्हणजे घनफळात सुमारे ६ टक्के. शिवाय सिरिंज ढकलणाऱ्या पंपाची मोटर बारीक बारीक टप्प्यांनी पुढे जाते. ते टप्पे कधीकधी थेंबांच्या आकारात उमटतात. मान तुटताना मोठ्या थेंबामागे एखादा चिमुकला थेंबही सुटतो. ही माहिती जाणकारांना असते. वाचकाला मात्र ती दिली जात नाही, जणू काही टक्केवारी सांगितल्याने त्याचे कुतूहल कोमेजेल.

खरे तर टक्केवारीतच गंमत आहे. डिजिटल पीसीआर या तपासणीचे उदाहरण घ्या. रक्ताच्या किंवा अन्य नमुन्यात एखाद्या जंतूचे डीएनए रेणू किती आहेत हे मोजायचे आहे. नमुन्याचे सुमारे २० हजार थेंब करतात, प्रत्येक थेंब १ नॅनोलिटरच्या आसपासचा. मग सर्व थेंबांत पीसीआरची क्रिया घडवतात. ज्या थेंबात एक तरी रेणू होता तो चमकतो, ज्यात नव्हता तो अंधारा राहतो. अंधारे थेंब मोजून मूळ रेणूंची संख्या काढतात.

म्हणजे इथे थेंब सारखे असले तरी त्यांच्यातला ऐवज मुळीच सारखा नसतो! थेंबामागे सरासरी १ रेणू असेल तर सुमारे ३७ टक्के थेंब रिकामे, ३७ टक्क्यांत एक आणि उरलेल्या २६ टक्क्यांत दोन किंवा अधिक रेणू असतात. वर्गात हे करून पाहता येते. बुद्धिबळाचा पट घ्या. आडव्या ओळींसाठी आठ आणि उभ्या ओळींसाठी आठ चिठ्ठ्या करा. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढून त्या घरात ज्वारीचा एक दाणा ठेवा, चिठ्ठ्या परत टाका, असे ६४ वेळा करा. ६४ दाणे, ६४ घरे, तरी सरासरीने २३-२४ घरे रिकामी राहतात. आता दुसऱ्या गटाला फक्त रिकाम्या घरांची संख्या सांगा आणि दाणे किती ते काढायला सांगा. रिकामी घरे भागिले एकूण घरे, त्याचा नैसर्गिक लघुगणक, चिन्ह उलटे करून ६४ ने गुणायचे. उत्तर ६४ च्या जवळपास येते.

या हिशेबाला सर्व घरे सारखी लागतात. समजा निम्म्या थेंबांचे घनफळ सरासरीच्या अर्धे आणि निम्म्यांचे दीडपट आहे. मोठ्या थेंबांत दोन-तीन रेणू अडकतात पण मोजले जातात एकच म्हणून. लहान थेंब रिकामे राहतात. थेंबामागे सरासरी १ रेणू असताना रिकाम्या थेंबांचे प्रमाण ३७ ऐवजी ४१ टक्क्यांवर जाते, आणि सूत्र १ ऐवजी ०.८८ सांगते. रुग्णाच्या अंगात जंतू किती याचा अंदाज १२ टक्क्यांनी कमी येतो. सारखेपणाची गरज का आहे हे असे सांगावे. 'सुंदर माळेसारखे थेंब' या वर्णनातून ते कधीच कळणार नाही.

एक तोंड आणि दहा हजार तोंडे

आता ठिबककडे वळू, कारण आमच्या मते सर्वांत मोठी उणीव इथे आहे. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे घनफळ सुमारे अर्धा नॅनोलिटर असते. १ मिलिलिटर पाण्याचे असे सुमारे १९ लाख थेंब होतात. चिपच्या एका तोंडातून सेकंदाला १,००० थेंब पडले तरी तासाला सगळे मिळून दोन मिलिलिटरही भरत नाहीत. एक लिटर भरायला तीन आठवड्यांहून अधिक लागतील. निदानासाठी एवढेसे पुरते. पण औषधाच्या सारख्या गोळ्या-कणांसारखा माल बनवायचा असेल तर एकाच वेळी हजारो तोंडे चालवावी लागतात. मग प्रश्न बदलतो. एका तोंडाचा थेंब सारखा आहे का हे विचारून भागत नाही. पहिल्या तोंडाला जेवढे पाणी आणि तेल मिळते तेवढेच शेवटच्या तोंडाला मिळते का, हे विचारावे लागते.

हा प्रश्न पणदऱ्यातल्या कोणाही ठिबकवाल्या शेतकऱ्याला नवा नाही. ताशी ४ लिटरचा ड्रिपर सेकंदाला सुमारे १.१ मिलिलिटर पाणी देतो. हिशेबापुरते २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले तर सेकंदाला २२ थेंब. नळीत पुढे पुढे जाताना घर्षणाने दाब कमी होत जातो. शेवटच्या ड्रिपरपाशी दाब २० टक्क्यांनी कमी असेल तर तिथे २२ ऐवजी २० थेंब पडतात. थेंबाचा आकार तोच. उसाला मिळणारे पाणी मात्र १० टक्क्यांनी कमी. थेंब सारखे असूनही वाटप सारखे नसते. हा भेद लोकविज्ञानाच्या लेखांत आम्हांला भेटला नाही. शेतात तो रोज भेटतो.

दाब २० टक्के कमी झाला असताना पाणी १० टक्केच का कमी होते? ड्रिपरमध्ये सुमारे मिलिमीटरभर रुंदीचा वेडावाकडा, दातेरी मार्ग असतो. त्यात पाणी घुसळत जाते आणि अशा खळबळत्या प्रवाहात प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ०.८ चे वर्गमूळ ०.८९, म्हणून १० टक्क्यांची घट. एका लॅटरलवर दाबातला फरक २० टक्क्यांच्या आत ठेवावा हा ठिबकच्या आखणीतला रुळलेला नियम याच गणितावर उभा आहे. वेड्यावाकड्या मार्गाचा दुसरा फायदा म्हणजे मार्ग फार अरुंद न करताही प्रवाह कमी राखता येतो, त्यामुळे तो लवकर तुंबत नाही.

चिपच्या वाहिनीत ही सोय नाही. ०.१ मिलिमीटर रुंदी आणि सेकंदाला एक सेंटिमीटर वेग घेतला तर रेनॉल्ड्स अंक १ च्या आसपास येतो. घुसळण होणे शक्यच नाही. तिथे प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात असतो. दाब २० टक्क्यांनी घटला की प्रवाहही २० टक्क्यांनी घटतो. शिवाय अशा संथ प्रवाहात नळीची त्रिज्या १० टक्क्यांनी कमी झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. जड पाण्याच्या क्षारांनी ड्रिपर बुजतात म्हणून शेतकरी आम्ल सोडतो, गाळणी धुतो. चिपमध्ये धुळीचा एक कण तेच काम करतो.

२०१८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने सिलिकॉनच्या ४ इंची चकतीवर थेंब पाडणारी १०,२६० तोंडे बसवून दाखवली. त्यासाठी त्यांनी प्रत्येक तोंडाआधी अरुंद वाहिनी ठेवून मुद्दाम मोठा अडथळा निर्माण केला. तोंडापाशी अडथळा मोठा असला की पुरवठ्याच्या वाहिनीतली दाबाची घट त्यापुढे नगण्य ठरते आणि सर्वांना जवळजवळ सारखे मिळते. ड्रिपर नेमके हेच करतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांच्या गटाने सूक्ष्म नलिकांतून अखंड प्रवाहाने रसायने बनवण्याचे काम केले आहे (त्यांना २०२० चे भटनागर पारितोषिक मिळाले). अशा कामातही प्रयोगशाळेतली एक नलिका आणि कारखान्यातल्या अनेक नलिका यांच्यामध्ये वाटपाचा हाच प्रश्न उभा असतो. सबमेन, लॅटरल आणि ड्रिपर हे शब्द माहीत असलेल्या विद्यार्थ्याला हे चटकन कळेल. लेखक त्याला ते सांगत नाहीत, कारण ठिबक 'शेतीच्या' सदरात येते आणि चिप 'उच्च तंत्रज्ञानाच्या'.

स्वस्त काय, महाग काय

तिसऱ्या विधानाबद्दल थोडक्यात. चिपचा रबरी तुकडा स्वस्त असतो हे खरे. पण त्याचा साचा धूळमुक्त खोलीत बनतो. त्यामागे स्थिर प्रवाह देणारे पंप लागतात, खास तेल आणि पृष्ठक्रियाशील द्रव्य लागते, थेंब पाहायला सूक्ष्मदर्शक व वेगवान कॅमेरा लागतो, आणि हे सगळे चालवणारा प्रशिक्षित माणूस लागतो. तुकड्याची किंमत सांगून यंत्रणेची किंमत झाकणे हे जाहिरातीला शोभते, विज्ञानलेखनाला नव्हे.

आरोग्य केंद्राच्या पातळीवर चिप पोचली आहे, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट. क्षयरोगाच्या निदानासाठी त्याच्या चाचण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली. ते बॅटरीवर चालते आणि त्याची रसायने सुकवून ठेवलेली असतात. पण त्यात थेंबांची माळ नाही. चिपवरच्या एका लहानशा कोंडीतच क्रिया घडते. खेड्यात पोचण्यासाठी तिथे बॅटरी, टिकाऊ रसायने आणि सोपी हाताळणी यांचा विचार करावा लागला. 'स्वस्त म्हणून पोचेल' असे लिहिणाऱ्याने काय काय पोचवावे लागते याची यादीही द्यायला हवी.

मग लिहावे कसे?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. एक जुना दाखला आहे. सी. व्ही. बॉइज या शास्त्रज्ञाने डिसेंबर १८८९ च्या अखेरीस आणि जानेवारी १८९० मध्ये लंडनला मुलांपुढे तीन व्याख्याने दिली. त्यांचेच पुढे साबणाच्या फुग्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक झाले. पाण्याची धार आवाजाने कशी नियमित थेंबांत तुटते हे त्यांनी त्यात दाखवले. विशेष म्हणजे प्रयोग घरी कसे करावेत याच्या बारीकसारीक सूचनाही पुस्तकात दिल्या. वाचकाने नवल करून थांबू नये, करून पाहावे, हा त्यामागचा विचार. सव्वाशे वर्षांनंतरच्या आपल्या लिखाणाची मजल निदान तिथपर्यंत तरी जावी.

शाळेत हे अवघड नाही. सलाईनचा नवा सेट औषधाच्या दुकानातून आणावा (दवाखान्यात टाकून दिलेल्या नळ्या किंवा सुया वर्गात आणू नयेत). २०० थेंब मोजपात्रात पाडून घनफळ मोजावे. वेग बदलून पुन्हा मोजावे. मग पाण्यात थोडा साबण घालून पाहावे. पृष्ठताण कमी झाल्याने थेंब लहान होतात आणि २०० थेंबांचे घनफळ चांगलेच घटते. दुसरा प्रयोग 'टी' जोडाचा. सलाईनची नळी आणि तीन तोंडांचा जोड (दुकानात 'थ्री-वे' म्हणून मिळतो) घ्यावा. एका बाटलीत शेंगदाण्याचे तेल, दुसरीत रंगीत पाणी भरून दोन्ही उंच टांगाव्यात. सिरिंज हाताने दाबण्यापेक्षा बाटलीच्या उंचीने मिळणारा प्रवाह स्थिर असतो. तेल संथ वाहत असताना पाणी सोडले की नळीत पाण्याचे लांबट तुकडे एकामागे एक दिसू लागतात. पाण्याचा प्रवाह वाढवला की तुकडे लांब होतात. पट्टीने दहा तुकडे मोजून सरासरी व विचलन काढले की चिपवरच्या निबंधातला तक्ता विद्यार्थ्यांच्या वहीत उतरतो. चिपची अचूकता येथे येणार नाही, पण तिथली कार्यकारणपरंपरा येथेही तीच आहे.

तिसरा प्रयोग शेतात. एका लॅटरलवर सुरुवातीपासून शेवटापर्यंत १६ ड्रिपर निवडून प्रत्येकाखाली तीन मिनिटे भांडे ठेवावे. सर्वांत कमी पाणी देणाऱ्या चार ड्रिपरची सरासरी काढून तिला सोळांच्या सरासरीने भागावे आणि १०० ने गुणावे. उत्तर ९० च्या वर आले तर वाटप चांगले. बरेच कमी आले तर नळी तुंबली आहे, फार लांब आहे किंवा दाब अपुरा आहे. यांपैकी काय ते शोधणे हा पुढचा धडा. सिंचनाचा सारखेपणा अंकात मोजण्याची एक पद्धत अमेरिकेत क्रिस्टियान्सेन यांनी तुषार सिंचनासाठी १९४२ मध्ये मांडली. तेव्हा चिप नव्हती, पण प्रश्न हाच होता.

या विषयावरचा लेख यापुढे हाती आला तर शिक्षकांनी त्याला चार प्रश्न विचारावेत. सारखेपणा व्यासाचा की घनफळाचा? तो किती टक्क्यांपर्यंत? एका तोंडाचा की सगळ्या तोंडांचा? आणि तो राखण्यासाठी काय काय लागले? लेखात उत्तरे नसतील तर लेख वाईट आहे असे लगेच म्हणू नये. उत्तरे काढण्याचे काम वर्गाला द्यावे. पणदऱ्याच्या मुलांना चौथ्या प्रश्नाचे उत्तर काढताना फारशी अडचण येईल असे आम्हांला वाटत नाही.